वकीलसाहेबांच्या गाडीचं खरं वजन

आधीच माफी मागून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे, ऱ्हस्व-दीर्घ मी अंदाजानं देतो, आणि शब्दही साधेच येतात. सातवीच्या पुढे मी शाळेत गेलो नाही. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात अजून एकमत नाही. तेव्हा चहा घ्या, अक्षराकडे बघू नका, नुसतं ऐका.

फजितीच सांगायची आहे. दुसरं काय आहे माझ्याजवळ सांगण्यासारखं? लोक केवढ्या मोठ्या फजित्या करतात! कोणी भलत्याच्या वरातीत नाचून येतो, कोणी विहिरीत पडतो. मी काय केलं? एक प्रश्न विचारला नाही. बस, एवढंच! पण त्या न विचारलेल्या प्रश्नानं मला असं दमवलं, असं दमवलं, की आजही अमरावतीत एखाद्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकासमोरून गेलो की पोटऱ्या भरून येतात.

मी उस्तादांच्या गॅरेजात कामाला आहे. इंजिनला हात फक्त उस्तादांचा, हा तिथला नियम. आम्ही बाकीच्यांनी चाकं काढायची, ग्रीस भरायचं आणि सुटे भाग रॉकेलात धुवायचे. माझी मिसरूड रॉकेलाच्या वासातच फुटली. त्या दिवाळीनंतर उस्ताद तापानं पडले आणि नेमकी वकीलसाहेबांची गाडी इंजिनच्या कामाला आली. उस्ताद खाटेवरूनच म्हणाले, "नामदेव, तू खोल. और तू ही बांध."

पहिलं इंजिन! मी हात धुतले, कपाळाला लावले आणि सुरू केलं. सगळं खोललं, नव्या रिंगा घातल्या, परत जोडलं. हँडल मारलं, तर चालूही झालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं असेल.

पण वकीलसाहेब दोन दिवस गाडी फिरवून आले आणि मान हलवत म्हणाले, "चालते रे. पण पूर्वीसारखी ओढत नाही, असं वाटतं."

वाटतं! आता यावर काय बोलणार? उस्ताद अंगावर शाल घेऊन बाहेर आले. "साहब, वाटते का क्या भरोसा? साबित करो. बराबर निकली तो आज से इंजन इसका काम. नहीं निकली, तो रॉकेल का डब्बा वहीं रक्खा है."

मी रॉकेलाच्या डब्याकडे पाहिलं. डब्यानं माझ्याकडे पाहिलं.

आता वकीलसाहेब म्हणजे पुराव्याचा माणूस. त्यांच्याकडे मोटारींचं एक विलायती मासिक यायचं. त्यात इंजिनची ताकद काढायची रीत दिली होती. गाडी एका वेगावरून दुसऱ्या वेगावर किती वेळात जाते ते घड्याळावर मोजायचं, मग गाडीचं खरं वजन घ्यायचं आणि दोन्हींचा हिशेब मांडायचा. त्यावरून इंजिनात किती घोडे उरलेत ते निघतं.

"यात वजन महत्त्वाचं," वकीलसाहेबांनी मला समजावलं. "पोरगं किती जोरात पळालं एवढं पाहून भागत नाही. त्याच्या डोक्यावर ओझं किती होतं? जास्त ओझं घेऊन तेवढ्याच वेळात पळालं, तर ताकद जास्त. कळलं?"

"पण साहेब, वजन तर गाडीच्या पुस्तकात छापलेलं आहे," मी म्हणालो.

"छापलेलं वजन म्हणजे मुलीच्या बापानं सांगितलेलं मुलीचं वय! ही गाडी किती वर्षांची? वर लोखंडी कॅरिअर मी बसवला, मागची सीट बदलली. खरं वजन काट्यावरच कळणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वलगावच्या रस्त्यावर गेलो. मी गाडी चालवायची, वेगाचा काटा वीसवर आला की "हं" म्हणायचं, चाळीसवर आला की पुन्हा "हं". वकीलसाहेब शेजारी घड्याळ धरून. पहिल्या फेरीत मी "हं" म्हणालो, पण ते त्यांना ऐकूच गेलं नाही. मोठ्या माणसाच्या कानाशी एकदम "हं" कसं ओरडायचं? दुसऱ्या फेरीत जमलं. वेळ चांगली आली असावी, कारण साहेब मिशीतल्या मिशीत हसले.

घरी आल्यावर ते कोर्टाचा काळा कोट चढवत म्हणाले, "आता जिनिंगमध्ये जा. तिथला गाडीकाटा मोठा आहे, कापसाच्या गाड्या तोलतात तो. मी सांगून ठेवलंय. फक्त एक लक्षात ठेव. सकाळी गाडीत जे जे होतं, ते सगळं वजनात पाहिजे. तेवढंच पेट्रोल, स्टेपनी, हत्यारं, तू..."

"आणि तुम्ही?"

"मला कोर्ट आहे. माझ्याऐवजी माझ्या वजनाचं काहीतरी ठेव."

आता मी विचारायला हवं होतं ना, "साहेब, आपलं वजन किती?" तुम्ही विचारलं असतं. पण साहेबांचा देह असा, की तो प्रश्न त्यांच्या घरात कोणी काढत नसे. मी "जी" म्हणालो.

तेवढ्यात आतून बाईसाहेब आल्या. "नामदेव, मागं डिकीत पाटा ठेवलाय रे काल. येताना त्याला टाकी लावून आण, वाटण गुळगुळीत होत नाही."

वकीलसाहेब बटण लावता लावता थांबले. "काल ठेवलास? म्हणजे आज सकाळी आपण पाटा घेऊन धावलो?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "राहू दे नामदेव. पाटासुद्धा वजनात पाहिजे. वजन झाल्यावर टाकी लाव."

मी निघालो. निघण्याआधी गाडी धुतली. साहेबांची गाडी चारचौघांत जायची, वलगावच्या धुळीसकट कशी न्यायची? बादल्यांवर बादल्या ओतल्या. पुसायला वेळ नव्हता, तशीच ठिबकत नेली.

जिनिंगच्या फाटकाशी पोचलो आणि पाहतो तर काय! कापसाचा हंगाम. दर्यापूरकडून, भातकुलीकडून आलेल्या बैलगाड्यांची रांग फाटकातून निघून पार रस्त्यावर वळली होती. मी शेवटच्या गाडीमागे उभा राहिलो. इंजिन बंद केलं. कारण पेट्रोल जळलं तर वजन कमी होणार! मग रांग एका गाडीनं पुढे सरकली की मी खाली उतरायचो, दार उघडं ठेवून एका हातानं स्टिअरिंग धरायचो आणि मोटार ढकलायचो. पुन्हा रांग सरकली, पुन्हा ढकलायचो. ऊन डोक्यावर आलं. सदरा पाठीला चिकटला.

माझ्यामागे दर्यापूरकडचे एक पाटील होते, बाबाराव नावाचे. कापसाच्या गंजीवर बसून ते बराच वेळ माझा खेळ पाहत होते.

"काहून बे पोट्ट्या, मेली काय गाडी?"

"नाही काका. चालू आहे."

"मंग ढकलून काहून रायला?"

"पेट्रोल वाचवतोय."

"अरे आमी बी कडबा वाचवतो, पन म्हनून बैलाले ढकलत नाही लेका!"

पुढच्या-मागच्या गाड्यांवर हशा झाला. मी मान खाली घातली आणि ढकलत राहिलो. पण ढकलता ढकलता माझं लक्ष पाटलांकडे गेलं. तेच पोट. तीच मान. म्हणजे मान नव्हतीच, वकीलसाहेबांसारखीच. देव पावला! किती पोती भरली की एक वकील होतो, या काळजीत मी सकाळपासून होतो, आणि इथे साक्षात आयता वकील गंजीवर बसलेला!

धीर करून म्हणालो, "काका, तुम्ही माझ्या गाडीत बसाल का?"

"कोठी जाची हाय?"

"कुठंच नाही. नुसतं काट्यावर बसायचं."

"नुसतं बसाचं? काही कराचं नाही?"

"नाही."

"लग्नात मोठा जवाई करते तेच काम हाय मंग. पन मीच काहून?"

"तुम्ही आमच्या वकीलसाहेबांएवढे आहात."

पाटील एकदम खूश झाले. "वकिलाएवढा? अरे, मी चौथी पास बी नाही!" त्यांनी बैल आपल्या गड्याच्या हवाली केले, खाली उतरले आणि गाडीत बसण्याआधी देवळात जावं तसे जोडे काढून बाहेर ठेवले.

"जोडे घाला काका. साहेब सकाळी बुटात होते."

पाटलांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की काय सांगू! पण जोडे घातले.

शेवटी आमची पाळी आली. मी मोटार काट्याच्या फळीवर ढकलली आणि धापा टाकत आत जाऊन बसलो.

आता इथलं एक सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कापसाची गाडी आधी भरलेली तोलतात, मग कापूस उतरवून रिकामी तोलतात. जो फरक येईल तो कापूस. त्यामुळे लबाड माणूस काय करतो? भरलेली गाडी तोलताना स्वतः हळूच फळीवर उभा राहतो आणि रिकामीच्या वेळी बाजूला होतो. किंवा कापसात दगड घालतो. किंवा रात्री कापसावर पाणी मारतो. काट्यावरच्या किसनरावांनी जन्मभर या तीनच गोष्टी पकडल्या होत्या.

आणि मी काय घेऊन आलो होतो? आत जास्तीचा माणूस, मागे दगड आणि वरून पाणी.

"बैल सोड!" खिडकीतून सवयीचा आवाज आला. मग किसनरावांची टोपी बाहेर आली. "हे काय आनलं बे?"

"गाडी."

"ते दिसून रायली. माल कोठी हाय?"

"माल नाही. गाडीच तोलायची आहे. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं."

"हो, म्हनले होते. इकाची हाय काय?"

"नाही."

"इकाची नाही तं तोलून काय करतं? लोनचं घालतं?" पुन्हा हशा. "बरं, उतरा दोघं बी खाली."

"नाही... आम्हाला धरूनच वजन पाहिजे."

हशा थांबला. किसनराव खिडकीतून दिसेनासे झाले आणि दारातून प्रकट झाले. "काय म्हनलं? मानसं धरून?"

"जी. सकाळी होती म्हणून."

किसनरावांनी गाडीला एक चक्कर मारली. मडगार्डाच्या आत, जिथे अजून ओल होती, हात फिरवला. ओला हात सगळ्या रांगेला दाखवला. "पानी!" मग मागं गेले, डिकी उघडली. आत वाकून पाहिलं. मग ते ओरडले ते असे, की बैल दचकले.

"गोटा! अबे, गोटा हाय ह्याच्यात!"

"पाटा आहे तो," मी खिडकीतून म्हणालो.

"काहून हाय?"

"तोही सकाळी होता. तोही धरायचा आहे."

खरं बोलायची सवय फार वाईट हो! रांगेतले लोक गाड्यांवरून उतरून जवळ आले. "चोट्टा हाय," कोणीतरी म्हणालं. "मोटारीत बसून चोरी करते आता लोकं," दुसरा म्हणाला. मला कानापर्यंत घाम आला. सगळं समजावून सांगायचं होतं. मासिक, घड्याळ, घोडे, सगळं. पण गर्दी दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. बालपणापासून.

तेव्हा पाटलांनी आतून तोंड घातलं. "किसना, भोळं पोट्टं हाय ते. मी सोता बसून हावो ना ह्याच्यात! मले इकाले आनलं हाय काय त्यानं?"

"तुमी तं बोलूच नका पाटील. मांगच्या साली तुमच्याच कापसात नांगराचा फाळ निंघाला होता."

"तो चुकून रायला होता."

"दोन चुकून रायले होते."

"बरं बापा, दोन. आता तोल ना! गाड्या खोळंबल्या, माहे बैल उन्हात उभे हायेत. पोराच्या मनानं होऊ दे."

किसनरावांनी माझ्याकडे एकदा शेवटचं पाहिलं, हात झटकले आणि आत गेले. आम्ही दोघं श्वास धरून बसलो. पाटलांनी तर डोळेही मिटून घेतले होते. खिडकीतून मला दिसत होतं, किसनरावांनी दांडीवरचं वजन सरकवलं, थांबले, आणि मग बराच वेळ त्यांचे ओठ हलत राहिले. मला वाटलं, चिडलेल्या मनाला आवर घालायला देवाचं नाव घेताहेत.

मग त्यांनी खणखणीत आवाजात आकडा सांगितला. तो आकडा मला आता आठवत नाही. विसरण्यासाठी मी मेहनत घेतली आहे.

"समजलं ना बराबर?" त्यांनी विचारलं.

हाच तो क्षण! विचारायचं होतं, "हे आम्हाला आणि पाट्याला धरून ना?" प्रश्न गळ्यापर्यंत आलासुद्धा. पण मागून गाडीवाले ओरडत होते, किसनरावांच्या भुवया अजून खाली आल्या नव्हत्या. आणि समोर बसून तोललं, म्हणजे धरूनच असणार, नाही का?

"जी," मी म्हणालो.

संध्याकाळी वकीलसाहेबांनी आकडा घेतला, कागद घेतला आणि गणित मांडलं. उस्तादही शालीत गुंडाळून आले होते. मी दाराशी उभा होतो. साहेबांनी एकदा मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर परवडलं असतं. ते हळहळले.

"नामदेव, बरेच घोडे पळाले रे यातले. मला उगाच वाटत नव्हतं. एवढ्या हलक्या गाडीला एवढा वेळ?"

हलक्या? माझ्या मनात काहीतरी टोचलं. पण काट्यावरचा आकडा होता. लोखंड खोटं कसं बोलेल? माझेच हात खोटे.

उस्ताद बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "सुबह खोल. खुद की गलती खुद ढूँढ. फिर मैं देखता."

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी इंजिन खोललं. हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढले, एकेक रिंग, एकेक वॉल्व्ह उन्हात धरून पाहिला. कुठे ओरखडा नाही, कुठे गळती नाही. सगळं जागच्या जागी, चोख. सांगू का, चूक सापडली असती तर बरं वाटलं असतं! निदान रडायला कारण मिळालं असतं. जमिनीवर तरट, तरटावर इंजिनचे तुकडे, आणि मधे मी, न झोपलेला.

आणि मग ते किसनरावांचे ओठ डोळ्यांपुढे आले. देवाचं नाव एवढा वेळ कोण घेतो?

तसाच उठलो, काळ्या हातांनी चालत जिनिंगला गेलो. वाटेत प्रश्न पाठ करत होतो. दुपारच्या सुट्टीनंतर काटा पुन्हा सुरू करण्याआधी किसनराव त्याला उदबत्ती लावत होते.

"किसनराव, कालचं वजन... आम्हाला धरून होतं का?"

ते असे वळले जसं काही मी त्यांच्या आईबद्दल बोललो. "धरून? मी काय चोर हावो? या काट्यावर मानूस इकला जात नाही अन गोटा बी नाही. तुले कापलं, पाटलाले कापलं, पाटा कापला. वरतून पान्याची वल होती, तिच्या वजनाचा कडता बी कापला. नितळ गाडी सांगितली तुले, नितळ!"

"किती किती कापलं?"

"ते कोन ध्यानात ठेवते? नजरेनं कापलं. पाटलाचं जरा जास्तच कापलं असन, तो मानूस तसाच हाय." मग त्यांना माझ्या तोंडाची दया आली असावी. "असं रडू नको बे. गाडी आन, पुन्हा तोलून देतो."

"गाडी... गाडी खोलली आहे. सुटी पडलीय."

"सुटी हाय? मंग तं काम सोपं झालं!" किसनरावांनी कोपऱ्यातली दोन रिकामी पोती माझ्या हातात कोंबली. "ह्याच्यात भरून आन. लहान काट्यावर तोलतो. वल बी नाही कापत."

आता एखाद्यानं सांगितलं असतं की नको. समजावलं असतं की गाडी अशी तोलत नसतात. पण त्या माणसानं एवढ्या मायेनं पोती दिली होती! मी "जी" म्हणालो, पोती काखेत मारली आणि परत निघालो.

गॅरेजात उस्ताद तरटापाशी उकिडवे बसले होते. एक पिस्टन हातात घेऊन बोटानं चाचपत होते. माझी चाहूल लागली, पण वर पाहिलं नाही.

"काम तो अच्छा किया था बे तूने," ते म्हणाले. "एकदम बराबर. फिर गड़बड़ कहाँ है?"

मी सगळं सांगितलं. पाटील, पाटा, पाणी, हलणारे ओठ. सांगताना पोती मागे लपवत होतो, तीही शेवटी दाखवली. उस्तादांनी पिस्टन हळूच खाली ठेवला आणि शालीनं तोंड पुसलं.

"इंजन काहे को खोला नामदेव? काटे पे मुँह खोलता!"

मी "जी" म्हणालो. मग दोन्ही पोती अंथरली, त्यांवर बसलो आणि पहिला बोल्ट शोधायला घेतला.